अंधुक दीर्घिकांचा उन्हाळा

हैदराबादेत नल्लकुंट्याच्या गल्ल्यांमधून मे महिन्यात चालायला लागलं की आधी नाकाला मोहरी झोंबते. नुकतीच कुटलेली, डोळ्यांत पाणी आणणारी. तिच्यामागून कच्च्या कैरीचा वास येतो, मग तिळाच्या तेलाचा. घरोघरी आवकाय, म्हणजे कैरीचं आंध्री लोणचं, घालायची घाई चाललेली असते. गच्च्यांवर जुनी धोतरं अंथरून पुसलेल्या कैरीच्या फोडी पसरलेल्या असतात, आणि उन्हाने पांढऱ्या पडलेल्या रस्त्यावर दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही.

याच दिवसांत निकाल लागतात. नारायणगुड्यापासून हिमायतनगरपर्यंत शिकवण्यांच्या इमारतींवर पहिल्या आलेल्या मुलांचे मोठाले चेहरे झळकतात. ज्यांचे चेहरे झळकत नाहीत ती मुलं त्याच फलकांखाली बसची वाट बघत उभी असतात, मान खाली घालून. मला दरवर्षी त्या खाली मान घातलेल्यांकडेच बघत राहावंसं वाटतं. मी त्यांचा कुणी नाही. पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर रुमाल टाकून औषधं आणायला निघालेला एक माणूस. पण अशाच एका उन्हाळ्यात मी एका माणसाला नापास केलं होतं, आणि तो माणूस माझा गुरू होता.

मी नाही, आमच्या प्रोग्रामने केलं, असं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो. ते खरंही आहे. पण त्या निकालाचा आनंद झाला होता तो प्रोग्रामला नव्हे, मला.

आमचं काम दीर्घिकांचं होतं. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची एकेक वस्ती. आपली आकाशगंगा ही त्यातलीच एक. विश्व पसरत असल्यामुळे लांबच्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचता पोचता ताणला जातो आणि तांबड्या रंगाकडे सरकतो. दीर्घिका जितकी लांब, तितका तिचा प्रकाश जास्त सरकलेला. मराठी पुस्तकांत याला ताम्रसृती म्हणतात. ती मोजली की अंतर कळतं. नीट मोजायची तर प्रकाशाचा वर्णपट काढावा लागतो, आणि एकेका अंधुक दीर्घिकेसाठी मोठी दुर्बीण तासन्‌तास अडकवून ठेवावी लागते. आकाशात दीर्घिका एवढ्या आहेत की असं एकेकीला धरून बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून अंदाजाचा रस्ता निघाला. वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून दीर्घिकेचे फोटो घ्यायचे, निळ्या काचेतून किती उजेड आला, तांबडीतून किती, हे बघायचं आणि त्यावरून ताम्रसृती सांगायची. फळवाला आंबा न कापता हातात घेऊन सांगतो ना, परवा खा म्हणून, तसं.

माझ्या गुरूंनी, कंधारकर सरांनी, आपली उभी नोकरी या अंदाजात घातली होती.

सर मूळचे नांदेडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालेलं, त्यामुळे आकडे ते मनातल्या मनात उर्दूत मोजत आणि फळ्यावर इंग्रजीत लिहीत. आमच्याशी मात्र मराठीत बोलत, आणि ती मराठीही आमच्या घरच्यासारखीच, ‘काय करायलाव’ म्हणणारी. उन्हाळ्यात मानेभोवती ओला पंचा गुंडाळून ते स्कूटरवरून विद्यापीठातल्या आमच्या खगोलशास्त्र विभागात येत. आम्हा विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करत. त्या आदरातच त्यांची नांगी असे.

“दिलीपराव, तुम्ही हळू आहात,” ते मला म्हणायचे. “वाईट नाही ते. पण हळू आहात.”

हे वाक्य मी रोज रात्री अंथरुणावर उलटंसुलटं करून बघत असे. त्यात शाबासकी कुठे आहे ते शोधत असे. सापडायची नाही.

विभागाच्या इमारतीत एकच खोली थंड होती, संगणकाची. यंत्राला उष्णता सोसत नाही म्हणून तिथे एसी होता. माणसांना सोसते असं विद्यापीठाचं मत होतं. म्हणून मी आणि वेणू दिवसभर त्याच खोलीत पडलेले असू. वेणू म्हणजे वेणुगोपाल, माझ्याबरोबर सरांच्या हाताखाली संशोधन करणारा, नल्लकुंट्यातलाच तेलुगू मुलगा. मराठी त्याला सगळी समजे, बोलायचा मात्र हैदराबादी. त्याच्या डब्यात वर्षभर आवकाय असे, आणि त्या खोलीत वास कोंडायचा म्हणून आम्ही जेवायला जिन्यात बसत असू.

आमच्या त्या प्रोग्रामचं नाव ‘परीक्षक’, आणि त्याची कल्पना सरांचीच. जहाजाने येणारं परदेशी नियतकालिक महिने उलटल्यावर आमच्या हाती लागे. एकदा ते वाचता वाचता सरांनी पंचा मानेवरून काढला आणि टेबलावर आपटला.

“बघा या साहेबांची पद्धत. यांनीच तयार केली, यांनीच निवडलेल्या दीर्घिकांवर तपासली, आणि यांनीच स्वतःला पहिला वर्ग दिला. आपण विद्यापीठात कुणाला असं करू देतो का?”

“सर, अपन भी तो वहीच करते,” वेणू म्हणाला.

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. पण सर हसले. “हौ मियाँ, अपन भी वहीच करते. इसीलिए तो बोल रहा हूँ.”

सर दर उन्हाळ्यात विद्यापीठाचे पेपर तपासत. घरी गठ्ठे येत, नावाची पट्टी फाडलेले, नुसता नंबर टाकलेले. त्यांचं म्हणणं असं की दीर्घिकांच्या बाबतीतही हेच करायचं. एक प्रोग्राम लिहायचा. तो प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्नपत्रिका देईल: या या दीर्घिका, हे त्यांचे रंग. खरी उत्तरं, म्हणजे वर्णपटावरून मोजलेल्या ताम्रसृती, तो स्वतःजवळ झाकून ठेवील. पद्धत आपला अंदाज सांगेल आणि मग तो एक आलेख काढील, आडव्या रेषेवर खरं, उभ्या रेषेवर सांगितलेलं. सगळं बरोबर असेल तर ठिपके एका तिरक्या रेषेवर बसतील. पद्धत कुणाचीही असो, सरांची, परदेशातल्या साहेबाची, की उद्या येणाऱ्या एखाद्या पोराची.

तो हिवाळा आम्ही ‘परीक्षक’ लिहिण्यात घालवला. आता अशी साधनं भरपूर झालीत. जगभरची माणसं मिळून ती लिहितात, आतलं सगळं उघडं असतं, कुणीही घ्यावं, वापरावं, दुरुस्त करावं. त्याला ओपन सोर्स म्हणतात. तेव्हा तो शब्द आमच्या कानावर आला नव्हता. आमच्या कानावर वेगळेच शब्द येत होते. हिमायतनगरच्या रस्त्यावर चपलांच्या दुकानाच्या माडीवर, डेंटिस्टच्या शेजारी, जिथे जागा मिळेल तिथे संगणक शिकवणाऱ्या संस्था निघाल्या होत्या. पाट्यांवर विमानाची चित्रं. एसटीडीच्या बूथबाहेर अमेरिकेत फोन लावणाऱ्या आयांची रांग. गच्च्यांवरून केबलच्या वायरी लोंबत होत्या आणि आमच्या बरोबरीची मुलं एकेक करून उडत होती. वडील कचेरीतून आले की चहा पिता पिता विचारायचे, “मग? तुमचे ते तारे काय म्हणतात?” त्यांना राग नव्हता. त्यांना फक्त शेजाऱ्यांना सांगण्याजोगं काहीतरी हवं होतं. मी म्हणायचो, “तारे नाहीत हो बाबा, दीर्घिका.” त्यावर ते मान डोलवायचे, आणि ते डोलावणं मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागायचं.

आणि मग तो मे महिना आला. सर जूनअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या टेबलावर छापखान्याकडून तपासायला आलेली मुद्रितं पडली होती. त्यांच्या आयुष्याचं काम त्यात होतं: त्यांच्या पद्धतीने अंतरं काढलेल्या हजारो दीर्घिकांची सूची. लाकडी पट्टी ओळीखाली धरून सर एकेक आकडा तपासत. उर्दूत पुटपुटत. मी आत गेलो तर बोट ओळीवर तसंच ठेवून वर बघत, म्हणजे जागा चुकू नये. ती सूची छापून आली की त्यांची नोकरी एका अर्थाने पुरी व्हायची होती. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या होत्या, “त्यांच्या डोक्यातून ते सूचीचं भूत उतरलं की आम्ही काशीला जाणार हाव.”

त्याच दिवसांत परदेशातल्या एका गटाने फार अंधुक दीर्घिकांचे वर्णपट काढून त्यांची मोजमापं सगळ्यांसाठी खुली केली. विद्यापीठात बाहेरच्या जगाशी जोडलेली एकच तार होती, आणि वीज गेली की तीही जायची. वेणू ती मोजमापं तुकड्या-तुकड्याने उतरवून घेत होता. तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. “ये तो कुएँ से चम्मच से पानी निकालना है रे,” तो म्हणायचा. शेवटी एका दुपारी सगळं उतरलं आणि आम्ही ते ‘परीक्षक’ला घातलं. आधी परदेशी साहेबाची पद्धत परीक्षेला बसवली. मध्यम निकाल. मग सरांची.

पडद्यावर ठिपके उमटायला लागले. जवळच्या, तेजस्वी दीर्घिका आधी आल्या आणि तिरक्या रेषेवर अशा बसल्या की जणू कुणी दोरी धरली होती. मग लांबच्या, अंधुक दीर्घिका यायला लागल्या. काही रेषेवर, काही जरा इकडेतिकडे. आणि काही, पुष्कळ, रेषा सोडून खाली उजव्या कोपऱ्यात गोळा व्हायला लागल्या. खऱ्याखुऱ्या फार लांबच्या दीर्घिकांना सरांची पद्धत जवळच्या ठरवत होती. कोपऱ्यात त्यांचा पुंजका झाला. वाढत गेला.

मला आनंद झाला.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. वाईट नंतर वाटलं, काळजी नंतर वाटली. सगळ्यात आधी, छातीत काहीतरी उडावं तसा, निखळ आनंद झाला. ज्या माणसाने मला गणित शिकवलं, माझ्या वडिलांना घरी येऊन ‘पोरगं चांगलं आहे, राहू द्या याला’ म्हणून समजावलं, त्याचं आयुष्याचं काम माझ्या डोळ्यांसमोर ढासळत होतं, आणि माझ्या मनात आलं: सापडलं. आणि त्याच्या पाठोपाठ आलं: हळू म्हणत होता नाही का मला.

वेणूने पुन्हा सगळं चालवून बघितलं. आमचीच चूक असेल म्हणून ‘परीक्षक’ ओळीओळीने तपासला. पुंजका तिथेच होता. मग तो का आहे हेही आमच्या ध्यानात आलं. जवळच्या म्हाताऱ्या दीर्घिका मुळातच तांबूस असतात. लांबच्या दीर्घिका प्रकाश ताणला गेल्यामुळे तांबूस दिसतात. आमच्या थोड्याशा काचांमधून बघितलं तर दोघी एकसारख्याच. सरांची पद्धत त्यांना वेगळं ओळखायला कधी शिकलीच नव्हती, कारण तिला शिकवलं होतं आणि तपासलं होतं ते फक्त तेजस्वी दीर्घिकांवर. ज्या तेजस्वी, त्यांचेच वर्णपट आजवर काढता येत होते. खरी उत्तरं त्यांचीच ठाऊक होती. आमच्या मराठी शाळेत साहेब तपासणीला यायचे तेव्हा गुरुजी हुशार पोरं आदल्या दिवशीच पुढच्या बाकांवर आणून बसवत. साहेब पुढच्यांनाच विचारत, आणि अख्ख्या वर्गाला शाबासकी देऊन जात. इथे कुणी मुद्दाम बसवलं नव्हतं. आकाशानेच पुढच्या बाकांवर उजेड पाडला होता, आणि सरांनी, आणि खरं तर सगळ्या जगानेच, त्या बाकांनाच अख्खा वर्ग मानलं होतं.

आम्ही जिन्यात येऊन बसलो. डबा उघडायचं कुणाच्या मनात आलं नाही.

“बोलना क्या?” मी विचारलं.

“नक्को,” वेणू म्हणाला. “महीना भर चुप बैठ. बुड्ढा इज्जत से घर जाएगा. बाद में देखेंगे.”

“और सूची छप गई तो?”

“छपने दे. दुनिया में गलत किताबां कम हैं क्या?” मग तोच म्हणाला, “तू जा. मैं नक्को. मेरी तो आवाज नहीं निकलेगी उनके सामने.”

मी लगेच गेलो नाही. दोन-तीन दिवस सरांच्या टेबलासमोरून जाताना ती लाकडी पट्टी एकेक ओळ खाली सरकताना बघत राहिलो. त्या ओळींतल्या किती अंधुक असतील याचा मनातल्या मनात हिशेब करत राहिलो. मग एका दुपारी आलेखाचा कागद गुंडाळी करून सरांच्या घरी गेलो. सायकलच्या हँडलला हात लावता येत नव्हता इतकं ऊन.

काकू पुढच्या खोलीत फरशीवर कैरीच्या फोडी कोरड्या करत बसल्या होत्या. “ये रे दिलीप. चप्पल आत घेऊन ये, बाहेर वितळून जाईल. आत्ताच लवंडलेत ते. उठवू?”

“नको काकू, बसतो.”

“बस मग. मुंजल खा.” त्यांनी माझ्यापुढे ताडगोळ्यांची वाटी सरकवली. आमच्याकडे ताडगोळ्यांना मुंजलच म्हणतात. ते थंडगार, बेचव-गोडसर गोळे मी एकामागून एक गिळत राहिलो आणि मनात म्हणत राहिलो, या बाईच्या हातचं खाऊन मी हिच्या घरात काय घेऊन आलोय.

सर उठून आले. मी गुंडाळी उलगडली. माझ्या आवाजात तो आनंद कुठूनतरी डोकावेल या भीतीने मी फार सपाट आवाजात बोललो. बातम्या वाचाव्यात तसं.

सरांनी कागद गुडघ्यांवर घेतला. पुष्कळ वेळ बघितला. मग त्या कोपऱ्यातल्या पुंजक्यावर बोट ठेवलं. “हे कोण?”

“लांबच्या, सर. आपली पद्धत त्यांना जवळच्या म्हणतेय.”

“तुमच्या प्रोग्राममध्ये चूक?”

“वेणूने पुन्हा पुन्हा बघितलं. नाहीये, सर.”

“का होतंय?”

मी सांगायला लागलो. रंगांचं, काचांचं, फक्त तेजस्वी दीर्घिकांवर शिकवल्याचं. घाईघाईने. सरांनी हात वर केला.

“हळू सांगा, दिलीपराव.”

मी पहिल्यापासून सांगितलं. ते ऐकत होते तसं मी त्यांना कधी कुणाचं ऐकताना बघितलं नव्हतं. ओठ जरासे उघडे, डोळे कागदावर. मध्येच आतून काकू आल्या आणि मसाला लावलेली एक फोड त्यांच्या हातावर ठेवली. “मीठ बघा हो.” सरांनी फोड तोंडात टाकली, चावली, आणि कागदावरची नजर न हलवता म्हणाले, “बरोबर आहे.”

काकू निघून गेल्या. सरांनी कागदाची घडी घातली. “ठीक आहे. या आता.”

नंतर ते विभागात आलेच नाहीत. एक दिवस, दोन दिवस, आठवडा होत आला. टेबलावर पट्टी आणि मुद्रितं तशीच. उकाडा इतका की भिंतीला टेकलं तर पाठ भाजे. संगणकाच्या खोलीत बसून मला वाटे, मी एका माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच बायकोच्या हातचं खाऊन मारून आलोय. वेणूने त्याच्या आईची बिघडलेली बरणी, माझ्या चुलतभावाचं अमेरिकेहून आलेलं बोलावणं, कशावरही बोलून बघितलं. मी हूं हूं करत होतो. त्या आठवड्यात मी हिमायतनगरच्या एका संस्थेत जाऊन संगणकाच्या कोर्सची चौकशीसुद्धा करून आलो. माझ्यासारख्याने या कामात राहू नये, असं मला मनापासून वाटत होतं.

मग एका सकाळी स्कूटरचा आवाज आला. सर आत आले, पंचा मानेभोवती, मिशीला हळदीचा डाग. मुद्रितं उचलून त्यांनी एका लिफाफ्यात घातली.

“परत पाठवायची आहेत. छापू नका म्हणून लिहिलंय.”

“सर, जवळच्या दीर्घिकांचं तर सगळं बरोबर आहे,” मी म्हणालो. “तेवढं तरी—”

“तेवढं छापू. नंतर. चांगलं आहे ते, मला माहीत आहे.” त्यांनी लिफाफा चाटून बंद केला. “आधी तुमचा ‘परीक्षक’ सगळ्यांकडे गेला पाहिजे. माझ्यासारखे आणखी किती जण पट्टी धरून बसले असतील.”

त्या आठवड्यात सरांचा एक जुना विद्यार्थी विभागात आला होता. त्याने स्वतःची कंपनी काढली होती, मोटार आणली होती. त्याला ‘परीक्षक’ दाखवला तर तो हरखला. “सर, याचं पॅकेज करू. दुर्बिणीचाच नाही, कुठलाही अंदाज तपासायला कामाला येईल. आतलं दाखवायचं नाही, नुसतं चालवायला द्यायचं. आता जमाना बदललाय.”

“बदललाय खरा,” सर म्हणाले. “पण बाबा, पेपर तपासणाऱ्याने धंदा काढला तर वर्तमानपत्रात नाव येतं त्याचं. आणि आतलं दाखवलं नाही तर माझ्या निकालावर लोकांनी विश्वास कायको ठेवावा? उत्तरं झाकायची. तपासणी उघडी ठेवायची. हे उलटं झालं की मग काय राहिलं?”

तो हसला, सरांच्या पाया पडला आणि मोटारीत बसून गेला. चांगला माणूस होता. पुढे त्याच्याच ओळखीने मला नोकरी लागली, हेही सांगून टाकतो.

‘परीक्षक’बरोबर एक नमुना जोडायचा होता, वापर कसा करायचा ते दाखवायला. मी परदेशी साहेबाची पद्धत घेतली होती. सरांनी ती काढायला लावली.

“माझी ठेवा. हा पुंजक्यासकटचा आलेख ठेवा. दुसऱ्याचं नाव कशाला खराब करायचं?”

वेणूने प्रोग्रामचे तुकडे केले आणि त्या एकुलत्या तारेवरून, वीज असेल तेव्हा, ओळखीच्या-अनोळखी पत्त्यांवर पाठवायला लागला. जूनमध्ये ढग भरून यायला लागले तरी कुठूनच काही येईना. मग दक्षिण गोलार्धातल्या कुठल्याशा विद्यापीठातून एका पोराची मेल आली. त्याने ‘परीक्षक’मधली एक चूक दुरुस्त करून पाठवली होती. खाली लिहिलं होतं की त्याने आपल्या गुरूंची पद्धत त्यात चालवून बघितली आणि तिचे ठिपके आमच्याहून वाईट विस्कटले. शेवटचं वाक्य होतं: हे मी त्यांना कसं सांगू?

मी ती मेल सरांना वाचून दाखवली. सर खुर्चीत मागे टेकून हसले. खूप दिवसांनी.

“लिहा त्याला. म्हणावं, दुपारची झोप झाल्यावर सांग.”

मी तसंच लिहिलं.

मी त्या कामात फार टिकलो नाही. थोड्या वर्षांनी सॉफ्टवेअरच्या नोकरीत शिरलो आणि आजही इतरांनी लिहिलेले प्रोग्राम कुठे मोडतात ते शोधून पोट भरतो. वेणू टिकला, परदेशात आहे, अजून डब्यात आवकाय नेतो. सोडून गेल्याची टोचणी मला आहेच. ज्याच्यासाठी सर माझ्या वडिलांपुढे बोलले होते तो मी नव्हतो असं वाटत राहतं. पण अलीकडे रविवारी सकाळी मी ताम्रसृतीच्या पद्धती तपासणारं एक मुक्त साधन उघडून बसतो. आमच्या ‘परीक्षक’चं त्यात काही नाही, तो केव्हाच संपला. तरी त्यात अंधुक दीर्घिकांचा निकाल वेगळा काढतात. कुणी विचारतही नाही का म्हणून. ते आता इतकं साहजिक झालंय. मागच्या महिन्यात मी त्यात एक छोटी दुरुस्ती पाठवली. कुठल्या देशातली ठाऊक नाही, एका मुलीने ती दोन तासांत तपासली, माझीच एक चूक दाखवली, आणि पुढे हसरा चेहरा काढला. सबंध दिवस माझा आनंदात गेला. माझ्या मुलाने विचारलं, “डॅडी, चूक निकली तो इतना खुश कायको?” तो मराठी वाचत नाही, म्हणून हे त्याला वाचायला देता येणार नाही. कधीतरी बसून सांगेन.

सरांचा निरोपसमारंभ जूनच्या शेवटच्या दिवशी झाला. झेंडूचा हार, शाल, समोसे. विभागप्रमुखांनी सरांच्या सेवेबद्दल बोलायचं ते सगळं बोलून झालं. काकू पहिल्या रांगेत नवी साडी नेसून बसल्या होत्या. सर उठले आणि म्हणाले, भाषण नाही, एक चित्र दाखवतो. प्रोजेक्टर लावला. भिंतीवर तोच आलेख आला. तिरकी रेषा, आणि कोपऱ्यात तो पुंजका, भिंतीवर हातभर मोठा.

मला वाटलं जमिनीत जावं.

“ही माझी पद्धत,” सर म्हणाले. “इथपर्यंत चांगली चालते. इथून पुढे चालत नाही. ही जी खाली गर्दी दिसतेय, ती वेगळी कशी ओळखायची ते मला अजून कळलेलं नाही. आता मला वेळच वेळ आहे. ज्याला वेळ असेल त्याने यावं.” आणि खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. काकूंनी वाजवल्या, मग सगळ्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विभागात गेलो तर सर जिन्यात बसलेले. आदल्या दिवशी त्यांनी आपल्याजवळची संगणकाच्या खोलीची किल्ली कचेरीत जमा केली होती. मांडीवर कोरे कागद होते. पाऊस थांबलेला होता आणि जिन्यावर ओल चढली होती, तरी त्यांनी पंचा गुंडाळलाच होता.

मी त्यांच्याहून दोन पायऱ्या खाली बसलो. आत्ता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, हे मला कळलं. मी म्हणालो, “सर, तो आलेख पहिल्यांदा निघाला ना, तेव्हा मला आनंद झाला होता. तुमचं चुकलं म्हणून.”

सरांनी कागद सारखे केले. मग माझ्याकडे वळून, मला एखादं सोपं गणित आलं नसावं तसं बघत म्हणाले, “चूक सापडली की आनंद होतोच, दिलीपराव. माझी होती म्हणून तो कमी व्हायला पाहिजे होता का?”

मी पायरीवरच्या ओलीत बोट फिरवत राहिलो.

“आणि सूची छापून आल्यावर सांगितलं असतंत, तर मग मी तुम्हाला सोडलं नसतं,” ते म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून उठले. “किल्ली तुमच्याकडे आहे ना? मग दार उघडा. त्या लांबच्यांपासून सुरू करू.”

मी दार उघडलं. आतली थंड हवा आमच्या तोंडावर आली, आणि सर माझ्या आधी आत गेले.